टेकडीच्या हॉस्पिटलचा कौल

माणसांना काही विचारायचंच नाही असं मांडवखोल महानगरपालिकेने ठरवलं, तेव्हा खरं सांगायचं तर शहराला हायसंच वाटलं. त्याआधी पालिकेला काही भाड्याने द्यायचं, विकायचं किंवा ठेकेदाराच्या घशात घालायचं असलं की पेपरात बारीक टायपात जाहिरात यायची, नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत. मग सुनावणीला तीच ती डोकी. निम्मी एसीत डुलकी काढायला आलेली, आणि उरलेल्यांत सगळ्यात पुढे, पर्स पोटाशी धरून, वृंदा सामंत. या बाईंना माइक लागायचा नाही.

वृंदाताई पोस्टातून निवृत्त होऊन नागरी मंचात शिरल्या आणि बघता बघता मंच त्यांचाच झाला. तोंड फटकळ, पण बाई उगाच बोलायच्या नाहीत. बंदराजवळची बाग ठेकेदाराला दिली तर बाकावर बसायला तिकीट लागेल, हे त्यांनी आधी सांगितलं होतं, आणि तसंच झालं. धडधाकट फुटपाथ उखडून तीच फरशी पुन्हा बसवली, त्याचे फोटो आयुक्तांच्या टेबलावर त्यांनीच आपटले होते. पालिकेतले शिपाईसुद्धा त्यांना लांबून बघितलं की चहाला निघून जायचे.

आता पाळी टेकडीच्या हॉस्पिटलची होती. पालिकेचं जुनं हॉस्पिटल, अर्धं मांडवखोल तिथे जन्मलेलं. ते एका कंपनीला लांब मुदतीच्या भाडेकरारावर द्यायचं घाटत होतं. खालच्या कोळीवाड्यातल्या आणि चिऱ्याच्या खाणीवरच्या बायका बाळंतपणाला तिथेच यायच्या, कारण त्यांना दुसरीकडे जाणं परवडत नव्हतं. करारात गरिबांसाठी राखीव खाटा होत्या म्हणा. पण राखीव खाटांवर शेवटी कोण झोपतं हे कुणाला सांगायला नको. वृंदाताईंनी पत्रकं छापली, घोषणा ठरवल्या, आणि तेव्हा कळलं की या वेळी सुनावणीच नाही. या वेळी कौल आहे.

कौल म्हणजे काय ते त्यांना त्यांच्याच लेकीने सांगितलं, जेवताना. गौतमी पालिकेच्या माहिती विभागात होती आणि ते यंत्र सांभाळायची नोकरी तिचीच. एकाच घरात आई पालिकेविरुद्ध पत्रकं वाटायची आणि लेक पालिकेचा पगार घ्यायची. आमटी मात्र एकाच पातेल्यातली.

"देवाला कौल लावतात ना आपल्याकडे," गौतमी म्हणाली. "मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी आधी पडते की डावी ते बघायचं. तसंच आहे हे. पाकळ्यांच्या जागी माणसं."

"म्हणजे आता मला उजवीकडे पाडणार की डावीकडे?"

"तू आधीच पडलीयेस. ऐक तरी."

मग तिने सांगितलं ते असं. माणूस वर्षभर जे जे करतो त्याच्या खुणा त्याच्या फोनमध्ये राहतात. कुठल्या डॉक्टरकडे आरोग्यकार्ड दाखवलं, रिक्षा कुठे सोडली, औषध कुठून आणलं, किती वेळ कुठे बसला. त्या खुणांवरून फोनमध्येच त्या माणसाची एक सावली तयार होते. तुमच्या सवयीची, तुमच्या निवडीची सावली. पालिका प्रश्न विचारते तो त्या सावलीला. हे हॉस्पिटल उद्या कंपनीला दिलं तर तुझं काही अडेल का? सावली आडाखा बांधते आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर फोनमधून बाहेर जातं. बाकीची माहिती तुमची तुमच्यापाशी. तुमच्या सावलीने काय उत्तर दिलं ते तुम्हालाही बघता येतं. अलीकडे केलेल्या गोष्टींना जास्त वजन, जुन्यांना कमी, कारण माणूस बदलतो. सगळ्या शहराच्या सावल्यांची उत्तरं जमली की झाला कौल.

"आणि माणसाला तोंड दिलंय ते कशाला?" वृंदाताई म्हणाल्या.

"आई, तोंडाने सगळेच म्हणतात मराठी शाळा हवी, सरकारी बस हवी. आणि जातात कुठे? माणसं खोटं बोलतात. पाय खोटं बोलत नाहीत."

वृंदाताईंनी हात धुतले, फोन उघडला आणि आपल्या सावलीचं उत्तर बघितलं. हिरव्या चौकटीत लिहिलं होतं, 'हस्तांतर चालेल.'

त्यांनी चष्मा पुसून ती चौकट पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "यंत्र बिघडलंय तुझं."

"तू शेवटची कधी गेलीस टेकडीच्या हॉस्पिटलात?"

"गेल्याच महिन्यात."

"गेटवर धरणं धरायला. आत कधी गेलीस? तुझं गुडघ्याचं ऑपरेशन कुठे झालं? बाबा आजारी होते तेव्हा कुठे ठेवलं होतं? माझा जन्म कुठला?"

सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होतं, आणि ते स्टेशन रोडवरच्या चकचकीत खासगी हॉस्पिटलचं नाव होतं. वृंदाताईंना लाज वाटली. पण लाज वाटली की चिडायचं ही त्यांची जुनी रीत, म्हणून त्यांनी आमटीचं पातेलं जरा जोरातच झाकलं.

दुसऱ्या दिवशी मंचाची बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरली. वृंदाताईंनी सगळ्यांना फोन उघडायला लावले. मंचाचे कार्याध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक रेगे सर, त्यांची सावली म्हणत होती हस्तांतर चालेल. खजिनदारांची तेच म्हणत होती. मंचाच्या पथनाट्यात हॉस्पिटलची भूमिका केलेल्या बाईंचीसुद्धा तेच. एकेक जण फोन पालथा घालून टेबलावर ठेवत होता. हॉस्पिटल वाचवायला निघालेल्या त्या खोलीत हॉस्पिटलची गरज असलेलं कुणी नव्हतं, आणि ज्यांना होती त्यांना बैठकीला बोलवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"आता हो काय करायचं?" रेगे सर म्हणाले. "आपणच आपल्या विरुद्ध."

"जायचं," वृंदाताई म्हणाल्या. "यंत्राला पाय हवेत ना? पाय देऊ. कौलाला अजून तीन महिने आहेत. उद्यापासून खोकला झाला की टेकडीवर, कंबर धरली की टेकडीवर. मंचातला प्रत्येक माणूस, त्याची सोसायटी, त्याचा हास्यक्लब. बघू सावल्या कशा बदलत नाहीत."

खोलीत एकदम जान आली. आधी खाली घातलेल्या माना वर झाल्या. वाईट काय होतं त्यात? पालिकेचं हॉस्पिटल, नागरिकांनी वापरावं, याला खोटं कोण म्हणेल? रेगे सरांनी तर फळ्यावर वार आणि वॉर्ड मांडून वेळापत्रकच आखलं. मास्तरकी रक्तातच होती त्यांच्या.

आणि मांडवखोलची पांढरपेशी मंडळी टेकडी चढायला लागली. सुरुवातीला नाकाला रुमाल, मग सवय झाली. बायका विणकाम आणायच्या, पुरुष पेपर. कुणी घरून थालीपीठं आणायचं आणि ओपीडीच्या व्हरांड्यात वाटायचं. खिडकीवर केसपेपर काढायचा, आरोग्यकार्ड दाखवायचं, टोकन घ्यायचं, डॉक्टरांपुढे बसून जरा खोकायचं, गोळ्या घ्यायच्या आणि उतरायचं. ओळखीचं भेटलं की डोळा मारून विचारायचं, "काय, आज काय दुखतंय?" यात्राच झाली म्हणा ना ती एक.

गोळ्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. खायच्या तर नव्हत्या. वृंदाताईंच्या घरी मिक्सरखालचा खण त्या पाकिटांनी भरला. पालिकेच्या उधळपट्टीवर तासभर बोलू शकणाऱ्या बाईने तो खण रोज गुडघ्याने ढकलून बंद केला.

ओपीडीला डॉक्टर एकच, नाझिया सय्यद नावाची तिशीतली मुलगी. पूर्वी ती प्रत्येकाला नीट तपासायची. आता मान वर न करता लिहायची. एकदा तिने वृंदाताईंना विचारलं, "काकी, तुम्हाला खरंच काय होतंय?" वृंदाताईंनी बिनदिक्कत सांगितलं, "सांधे." डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचं टोकन पुकारलं.

जूनच्या आधी, उकाड्याच्या दिवसांत, वृंदाताई अशाच व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. खिडकीपाशी गर्दी होती. शेजारी एक बाई येऊन बसली. पोट चांगलंच पुढे आलेलं, चपला पायात नव्हे तर हातात, आणि कपाळ दोन्ही तळव्यांनी घट्ट दाबून धरलेलं. वृंदाताईंनी तिला निरखलं. त्या आठवड्यात चौदा नंबर वॉर्डातल्या नव्या स्वयंसेविका यायच्या होत्या, त्यांचे चेहरे ओळखीचे नव्हते. एकीने तर पोटाला उशी बांधून यायची कल्पना बैठकीत मांडली होती, म्हणजे प्रसूती विभागाचाही वापर दिसेल. तेव्हा सगळे हसले होते.

"डोकं फुटतंय," ती बाई म्हणाली. "डोळ्यांपुढे चमकतंय. मला जरा आधी जाऊ द्याल?"

वृंदाताई तिच्याकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "छान करतेस गं. पण इतकं नको, डॉक्टरला संशय येईल. बस नंबराने."

त्या बाईने त्यांच्याकडे बघितलं. काही कळल्यासारखं दिसलं नाही. मग तिने परत डोकं धरलं. थोड्या वेळाने खिडकीवरच्या माणसाने फळी ओढली आणि आजचे केसपेपर संपले, उद्या या, असं ओरडून सांगितलं. वृंदाताईंचं टोकन आधीच हातात होतं. त्या आत गेल्या, सांधे सांगितले, गोळ्या घेतल्या. बाहेर आल्या तेव्हा बाकावर कुणी नव्हतं.

कौल लागला आणि टेकडीचं हॉस्पिटल वाचलं. थोडक्यात वाचलं, पण वाचलं. कराराची फाइल आयुक्तांनी परत पाठवली, पेपरात वृंदाताईंचा फोटो आला, आणि रेगे सरांना भर चौकात रडू फुटलं. वृंदाताईंच्या फोनवरची चौकट आता म्हणत होती, 'रुग्णालय हवे.' त्यांनी ती चारचौघांत दाखवली आणि मग पेढ्यांचा खोका घेऊन टेकडी चढल्या. ओपीडीत शुकशुकाट होता. मंचातलं कुणीच त्या दिवशी आजारी नव्हतं.

डॉक्टर सय्यदने पेढा घेतला नाही. "बसा, काकी," ती म्हणाली. "तुमचे लोक येत होते ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मला वाटलं, हॉस्पिटल वाचतंय तर लिहू गोळ्या. माझाही दोष आहेच. पण एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. कोळीवाड्यातली हर्षदा तांडेल, आठवा महिना. बीपी वाढलेलं होतं. डोकं दुखतंय म्हणून इथे आली होती, व्हरांड्यात बसली, केसपेपर मिळाला नाही म्हणून उतरली. वाटेतच झटके आले. लोकांनी स्टेशन रोडच्या हॉस्पिटलात नेलं. ती वाचली. बाळ नाही वाचलं. बीपी मोजायला मला एक मिनिट लागलं असतं."

वृंदाताईंनी विचारलं, "चपला हातात होत्या का तिच्या?"

"ते मला कसं माहीत असणार? पाय सुजले होते, म्हणजे असतीलही."

पेढ्यांचा खोका तिथेच राहिला. त्या घरी आल्या आणि गौतमीला सगळं सांगितलं, बाकावरच्या त्या बोलण्यासकट. सांगताना त्यांना लेकीकडे बघवेना, म्हणून त्या गॅसच्या शेगडीकडे बघत बोलत होत्या. आपण किती नीच आहोत हे आपल्याच तोंडून ऐकणं त्यांना जड जात होतं.

गौतमी खुर्चीत बसली. "मला आकडे दिसत होते, आई. नावं नाहीत दिसत, पण कुठल्या भागातल्या सावल्या कुठे चालल्यात ते दिसतं. आपल्या भागातल्या टेकडीकडे आणि कोळीवाड्यातल्या, टेकडीवर नंबर लागत नाही म्हणून नाइलाजाने, खासगीकडे. असं कधी होत नाही. मला समजलं होतं तू काय करतेयस. कौल दूषित झालाय असं मी तेव्हाच लिहून द्यायला हवं होतं. तू माझी आई आहेस म्हणून नाही दिलं. आणि थोडं वाटलंही, जिंकू दे हिला एकदा."

वृंदाताईंनी मिक्सरखालचा खण उघडला आणि गोळ्यांची पाकिटं ओट्यावर काढून ठेवली. 

"आता दे लिहून," वृंदाताई शेवटी म्हणाल्या. "मी पालिकेच्या सभेत उभी राहून सांगते काय केलं ते. सगळ्या गावासमोर. माझा फोटो छापलाय ना, आता हेही छापू दे."

"कौल रद्द होईल. करार परत येईल."

"येऊ दे. खोट्याने वाचलेलं नको मला."

"मी लिहिते रिपोर्ट. पण आधी तिच्याकडे जाऊन ये. गावाच्या आधी तिला सांग."

कोळीवाड्यात हर्षदाचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात जाळं पसरलं होतं, सासूने ते गोळा करून वाट करून दिली आणि पंखा लावला. हर्षदा भिंतीला टेकून बसली होती, अंगावर शाल, एवढ्या उकाड्यात. सासू मोठ्या कौतुकाने म्हणाली, "अगं, पेपरातल्या काकी. हॉस्पिटल वाचवलं ना, त्या." आणि चहा टाकायला आत गेली.

वृंदाताईंनी येताना वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. "हर्षदा," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी बाकावर तुझ्या शेजारी मी होते."

"ठाऊक आहे. तुम्ही आत आलात तेव्हाच ओळखलं."

"मला वाटलं तू आमच्यातली आहेस. आम्ही खोटं खोटं आजारी पडून येत होतो. यंत्राला दाखवायला. मला वाटलं तूही..."  पोस्टाच्या काउंटरवर आणि पालिकेच्या सभागृहात आयुष्यभर खणखणीत चाललेला आवाज त्या एवढ्याशा खोलीत पार बारीक झाला. "माझ्यामुळे झालं हे. मला माफ कर, असं म्हणायलाही तोंड नाही मला."

हर्षदाने ऐकून घेतलं. मग उशीखालून फोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला. हिरव्या चौकटीत लिहिलं होतं, 'हस्तांतर चालेल.'

"हे असं का आलं?" तिने विचारलं. "माझा मोठा मुलगा टेकडीवरच झाला. मला दुसरीकडे जायचंच नव्हतं. बेशुद्ध होते मी, कोणी नेलं तेसुद्धा मला ठाऊक नाही. तरी हा म्हणतो मला चालेल."

वृंदाताईंच्या पर्समध्ये त्यांचा स्वतःचा फोन होता, आणि त्यावर काय लिहिलंय ते त्यांना माहीत होतं. यंत्राने त्यांचं मानलं आणि हिचं मानलं नाही. त्यांना पर्स उचलून कुठेतरी लपवावीशी वाटली.

"ते मी सगळं बदलणार आहे," त्या घाईने म्हणाल्या. "उद्याच्या सभेत उभी राहते आणि सांगते. माझी मुलगी लेखी देतेय. हा कौल खोटा आहे, रद्द करा. सगळ्यांना कळू दे मी काय केलं ते."

"रद्द झाला तर हॉस्पिटलचं काय होईल?"

"कंपनीला जाईल. बहुतेक."

हर्षदाने फोन खाली ठेवला. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, पण जेमतेम, आत सासूला ऐकू जाणार नाही इतपत. "माझ्या नणंदेचे दिवस भरत आलेत. पलीकडच्या घरात दोघी आहेत. त्यांनी कुठे जायचं?"

वृंदाताई पर्सची चेन उगाच ओढू लागल्या.

"तुम्हाला हलकं वाटावं म्हणून आमचं हॉस्पिटल घालवू नका, काकी. माझं जायचं ते गेलं. तुम्ही सभेत बोललात तर लोक तुम्हाला भली बाई म्हणतील, आणि आम्ही टेकडी चढून रिकामे परत येऊ. काही बोलू नका. कुणाला म्हणजे कुणालाच नाही. आणि त्या बाकावर परत येऊन बसू नका, आजारी नसाल तर."

सासू चहा घेऊन आली. वृंदाताईंनी तो घेतला, कारण नको म्हणायचा अधिकार आता आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. सासू हॉस्पिटलबद्दल, मोर्च्याबद्दल, पेपरातल्या फोटोबद्दल विचारत राहिली आणि वृंदाताई हो, हो म्हणत राहिल्या. निघताना त्या माउलीने त्यांच्या हातावर नारळ ठेवला. हर्षदाने तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी येऊन त्यांनी गौतमीला फोन लावला. "रिपोर्ट पाठवू नकोस. फाडून टाक."

"म्हणजे? ती काय म्हणाली?" गौतमीने विचारलं. "आई, तिने माफ केलं का तुला?"

"नाही," वृंदाताई म्हणाल्या आणि नारळ हातात धरून घराकडे चालू लागल्या.